आशियाचे धर्म समजून घ्यायचे तर आधी नकाशा काढा

आशियातले धर्म आणि तत्त्वज्ञानं यांचा अभ्यास करायचा म्हटलं की बहुतेक जण पहिल्या दिवशी एक तक्ता आखतात. धर्माचं नाव, संस्थापक, ग्रंथ, देव, प्रार्थनास्थळ, पवित्र चिन्ह. माझ्या अभ्यासवर्गाला येणारे बरेच जण हा तक्ता घरूनच करून आणतात, आणि मी तो पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवायला लावते. अक्षर सुंदर असतं, रेघा सरळ असतात, त्यामुळे वाईट वाटतं. पण इलाज नाही.

हिंदू धर्मासमोर ‘संस्थापक’ या रकान्यात काय लिहिणार? जपानच्या शिंतो धर्मासमोर ‘ग्रंथ’ म्हणून काय लिहिणार? ‘कोजिकी’ आहे, इ.स. ७१२ सालचा, पण त्यात देवांच्या आणि सम्राटांच्या वंशकथा आहेत. माणसाने कसं वागावं याच्या आज्ञा नाहीत. बुद्ध आणि महावीर यांच्यापुढे ‘देव’ या रकान्यात लिहायला सृष्टिकर्ता सापडत नाही. कन्फ्यूशियसला तर आपण काही स्थापन केलं असं म्हटलेलंही आवडलं नसतं. आपण नवं काही रचत नाही, जुनंच पुढे देतो, असं तो सांगे. म्हणजे सहा-सात ओळींच्या तक्त्यात निम्मे रकाने एक तर रिकामे राहतात किंवा ओढूनताणून भरावे लागतात. भरलेला तक्ता पाठ होतो, परीक्षेत गुणही मिळवून देतो. पण बौद्ध धर्म जपानपर्यंत पोचला आणि जैन धर्म का नाही, या साध्या प्रश्नावर तो गप्प बसतो.

त्याऐवजी मी एक नकाशा आणि तीन प्रश्न देते. या विचाराला माणसाचं दुखणं कोणतं दिसलं? तो कोणी नेला, आणि नेणाऱ्याला जेवू कोणी घातलं? पोचल्यावर तो काय झाला? धर्म चालत, गाढवावरून आणि जहाजातून गेले आहेत. वाट पाहिली की विचारही नीट दिसतो, असं माझं ठाम मत आहे.

साहित्य आणि एक नियम

एक मोठा कोरा नकाशा घ्या. राजकीय नको, प्राकृतिक हवा: डोंगर, नद्या, वाळवंटं, किनारे. आजच्या देशांच्या सीमा समोर असल्या की ‘धर्म भारतातून चीनमध्ये गेला’ असं वाक्य आपोआप तोंडी येतं. ते किती अपुरं आहे ते पुढे दिसेल. सोबत एक जाड वही, निळं पेन आणि पेन्सिल.

नियम असा: शिलालेख, नाणं, तारीख असलेली वास्तू किंवा हस्तलिखित यांचा आधार असेल ते निळ्या पेनाने. परंपरा सांगते म्हणून माहीत आहे ते पेन्सिलीने. पेन्सिल म्हणजे खोटं नव्हे. परंपरा समाजाला घडवते, तिची नोंद हवीच. फक्त तिची जागा वेगळी.

सवय व्हावी म्हणून काही जोड्या. लाओत्झूचं चरित्र पेन्सिलीने, असा एकच माणूस होऊन गेला की नाही याबद्दलही वाद आहे. पण १९९३ साली चीनमधल्या ग्वोद्येन इथल्या थडग्यात त्याच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’मधला मजकूर असलेल्या बांबूच्या पट्ट्या सापडल्या, त्या इ.स.पू. ३०० च्या आसपासच्या. ही नोंद निळी. इ.स. ५२ मध्ये सेंट थॉमस केरळच्या किनाऱ्यावर उतरला, ही तिथल्या ख्रिस्ती समाजाची श्रद्धा: पेन्सिल. आलोपेन नावाचा पूर्व सीरियन परंपरेचा धर्मगुरू ६३५ साली चीनच्या राजधानीत, चांगआनला पोचला, हे ७८१ सालच्या शिलास्तंभावर चिनी आणि सीरियाक लिपीत कोरलेलं आहे: निळं पेन. झरथुष्ट्राचा काळ पेन्सिलीने आणि तोही मोठा पट्टा ओढून, कारण अंदाज इ.स.पू. १५०० पासून ६०० पर्यंत पसरले आहेत. बुद्धाच्या निर्वाणाचं सालही पेन्सिलीनेच. श्रीलंकेची परंपरा इ.स.पू. ५४४ मानते, पुस्तकांत बराच काळ ४८३ छापलं जाई, आणि आज बरेच अभ्यासक ४०० च्या आसपास जातात. यावर वाद घालत बसू नका, पट्टा ओढा आणि पुढे चला.

वाटा आधी, धर्म नंतर

कोऱ्या नकाशावर एकाही धर्माचं नाव लिहायच्या आधी रस्ते काढा. हिंदुकुश आणि खैबर खिंड. तिच्यापलीकडे बाल्ख. मग तक्लामकान वाळवंट आणि त्याला वळसा घालणाऱ्या दोन वाटा: काश्गरहून निघून उत्तरेची कुचा-तुर्फानवरून, दक्षिणेची खोतानवरून. दोन्ही दुन्हुआंगच्या बाजूला एकत्र येतात आणि पुढे चांगआन, लोयांग. समुद्रावर भडोच, सोपारा, मुझिरिस, बंगालच्या किनाऱ्यावर ताम्रलिप्ती, मलाक्काची सामुद्रधुनी, सुमात्रातलं पालेंबांग, चीनचं ग्वांगझौ.

समुद्राच्या भागावर वाऱ्यांचे बाण काढायला विसरू नका. उन्हाळ्या-पावसाळ्यात नैऋत्येकडून, हिवाळ्यात ईशान्येकडून. वारा उलटेपर्यंत व्यापारी आणि खलाशी महिनोन्‌महिने बंदरात अडकून पडत. मग तिथे त्यांची वखार होते, घर होतं, लग्न होतं, मुलं होतात, आणि देऊळ, विहार किंवा मशीद लागते. आग्नेय आशियाचा निम्मा धार्मिक इतिहास या बाणांत आहे.

पहिला प्रश्न: दुखणं कोणतं?

श्रद्धांची यादी पाठ करण्याऐवजी दोन जागा शेजारी ठेवा. एक, गंगेच्या मधल्या खोऱ्यातला मगध-कोसल प्रदेश. दुसरी, पिवळ्या नदीच्या खालच्या भागातली लू, छी, सुंग ही छोटी राज्यं. काळ साधारण इ.स.पू. सहावं ते चौथं शतक.

मगधाकडे राजगृह, श्रावस्ती, कौशांबी अशी शहरं वाढत होती, आहत नाणी चलनात आली होती, मोठी राज्यं वज्जींसारख्या गणराज्यांना गिळत होती. घर सोडलेल्या श्रमणांचे गट रस्तोरस्ती वाद घालत फिरत. त्यात बुद्ध आणि महावीर होतेच, पण सगळं नियतीने ठरलेलं आहे म्हणणारा मक्खली गोसाल होता, आणि मेल्यावर काहीच उरत नाही म्हणणारा अजित केशकंबलीही. बुद्धाला या गर्दीतून उचलून एकटं उभं केलं की त्याचं म्हणणं पोकळ वाटायला लागतं. तो कोणाशी भांडत होता ते कळलं की त्याला धार येते. उपनिषदं म्हणत होती की आत एक न बदलणारा आत्मा आहे आणि तो ओळखणं म्हणजे मुक्ती. बुद्ध म्हणाला, असं न बदलणारं आत काही सापडत नाही, आणि आहे असं धरून बसणं हाच दुःखाचा एक धागा आहे. तृष्णा सुटली की दुःख सुटतं. महावीरांचं निदान आणखी वेगळं: जीव आहेच, अगदी मातीत-पाण्यातही आहे, आणि कर्म ही त्याला चिकटणारी सूक्ष्म वस्तू आहे. नवं चिकटू द्यायचं नाही आणि जुनं तपाने झाडून टाकायचं. अहिंसेचा एवढा कडक आग्रह कुठून येतो ते इथे कळतं. दोघांचे शब्द सारखे, भूगोल एक, काळ जवळपास एक, आणि उत्तरं एकमेकांना छेद देणारी.

पिवळ्या नदीकडे दुखणं निराळं होतं. जन्ममृत्यूच्या फेऱ्याचा तिथे प्रश्नच नव्हता. जुनी चौ राजवट नावापुरती उरली होती आणि राज्यं एकमेकांचे गळे कापत होती. प्रश्न होता: माणसं एकत्र नीट कशी राहतील? कन्फ्यूशियस (परंपरेने इ.स.पू. ५५१ ते ४७९) म्हणाला, घरापासून सुरुवात करा, बापाने बाप व्हावं, मुलाने मुलगा, राजाने राजा, रीतिरिवाज मनापासून पाळले की माणूस घडतो. ‘ताओ ते चिंग’ आणि त्याच वाटेवरचा विचारवंत ज्वांगत्झू यांचं उत्तर: हे घडवणं, सुधारणं, नियम लावणं हीच तर कटकट आहे, हात आवरा. आमच्या वर्गात कन्फ्यूशियस कोणालाच आवडत नाही. त्याचं बोलणं शिस्तीच्या व्याख्यानासारखं वाटतं, आणि फुलपाखराचं स्वप्न पडलेला ज्वांगत्झू सगळ्यांचा लाडका होतो. मला उलट वाटतं. राज्या-राज्यांत नोकरी शोधत फिरलेला, फारसं कोणी न ऐकलेला, तरी शिकवत राहिलेला हा मास्तर मला जास्त जवळचा आहे.

आता एक गृहपाठ, आणि हा टाळू नका. एकच प्रसंग घ्या: राजाने कर वाढवला आहे आणि लोक हवालदिल आहेत. प्रत्येक परंपरा काय म्हणेल ते मूळ ग्रंथांतून शोधा. मी हाच प्रसंग घेते, कारण त्यावर जवळपास सगळ्यांचं काही ना काही आहे. ‘ताओ ते चिंग’च्या ७५ व्या प्रकरणात सरळ म्हटलं आहे की वरचे लोक कर फार खातात म्हणून प्रजा उपाशी राहते. कन्फ्यूशियसची गोष्ट अशी, की थाय पर्वताजवळ एक बाई रडताना दिसते. सासरा, नवरा आणि मुलगा तिघांनाही वाघाने मारलेलं. मग ही जागा सोडत का नाहीस, असं विचारल्यावर ती म्हणते, इथे जुलमी राजवट नाही. दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या कूटदन्त सुत्तात बुद्ध एका यज्ञोत्सुक राजाची कथा सांगतो: चोऱ्या वाढल्या तर कर आणि शिक्षा वाढवून भागणार नाही, शेतकऱ्याला बियाणं द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला वेतन द्या. जैन परंपरा गृहस्थाला परिग्रह-परिमाण व्रत देते: स्वतःजवळ किती ठेवायचं याची मर्यादा आधीच ठरवून घ्या. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला मेन्शियस तर इतका पुढे जातो की जुलमी राजा चौ-शिनला मारलं ती राजहत्या नव्हे, एका माणसाला मारलं एवढंच, असं म्हणतो. एवढं एका पानावर उतरवलं की ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य तुमच्या तोंडून पुन्हा निघणार नाही. ते वाक्य सौजन्याचं आहे, पण अभ्यासाचं नाही.

दुसरा प्रश्न: कोणी नेला, कोणी जेवू घातलं?

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. सुरुवात बौद्ध धर्मापासून करा, कारण तो लांबवर गेला आणि जाताना तारखा मागे ठेवत गेला.

भिक्खूला शेती करायची नाही, स्वयंपाक करायचा नाही, पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं. म्हणजे त्याला भिक्षा देणारी वस्ती जवळ हवी, पण गोंगाट नको. सह्याद्रीतली लेणी घाटवाटांच्या जवळ का आहेत याचं उत्तर यात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात जाल तर मूर्तींच्या आधी भिंतींवरचे दानलेख बघा. वेजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पुरं केलं, जंबुद्वीपात सर्वांत उत्तम, असं तिथे अभिमानाने कोरलं आहे. धेनुकाकटाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त तिथे आहे, सुतार आहे, आणि खांब देणारे यवनही (ग्रीक) आहेत. लेखातला दाता हा त्या काळातला ‘जेवू घालणारा’. लेणी बघायला गेलात की दात्यांचे धंदे वहीत उतरवा. धर्म कोणाच्या खांद्यावर उभा होता ते त्यात असतं.

मग अशोक. त्याच्या तेराव्या शिलालेखात कलिंगचा पश्चात्ताप आहे आणि पाच ग्रीक राजांची नावंही. कंदाहारला त्याचा लेख ग्रीक आणि अरामाइक अशा दोन भाषांत सापडला, सोपाऱ्याला आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे मिळाले. या तिन्ही नोंदी निळ्या पेनाने. अशोकाचा मुलगा महिंद श्रीलंकेला गेला आणि मुलगी संघमित्तेने बोधिवृक्षाची फांदी अनुराधपुरला नेली, हे तिथल्या बखरींतून येतं. माझ्या नकाशावर ते पेन्सिलीने आहे. अशोकाच्या लेखात ताम्रपर्णीचा, म्हणजे श्रीलंकेचा, उल्लेख आहे तेवढा निळा.

आता चीन. १४८ साली लोयांगला पोचून भाषांतरं करणारा आन शिगाओ पार्थियन, म्हणजे आजच्या इराणकडचा होता. त्याच्यामागून आलेला लोकक्षेम कुषाणांच्या प्रदेशातला. कुमारजीव, ज्याची भाषांतरं आजही पूर्व आशियात म्हटली जातात, तो कुचाचा; आई तिथल्या राजघराण्यातली, बाप भारतीय. ४०१ साली तो चांगआनला आला. पहिल्या काही शतकांत चीनला बौद्ध धर्म शिकवणारे मोठ्या संख्येने मध्य आशियातले होते. ‘भारतातून चीनमध्ये’ या वाक्यात ही मधली माणसं गायब होतात, म्हणून सीमा नसलेला नकाशा. नंतर वाट उलट दिशेने वाहू लागली. फाशियान ३९९ मध्ये विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचे, ग्रंथ शोधायला खुष्कीने निघाला आणि श्रीलंकेवरून समुद्राने परतला. श्वेनत्सांग ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन पोचला. यीजिंग ६७१ मध्ये जहाजाने निघाला आणि वाटेत सुमात्रातल्या श्रीविजयला संस्कृत शिकत थांबला. तिघांच्या वाटा तीन रंगांनी काढा. मधल्या काळात कोणता रस्ता चालू होता ते न वाचता कळतं.

जैन साधूची अडचण याच प्रश्नाने उलगडते. पायीच चालायचं, वाहनात बसायचं नाही, आहाराचे नियम इतके बारीक की ते जाणणारं श्रावकांचं घर वाटेत नसेल तर पाऊल पुढे पडत नाही. समुद्र ओलांडणं शतकानुशतकं शक्यच नव्हतं. पण याच नियमांमुळे साधू आणि श्रावक एकमेकांना घट्ट बांधलेले राहिले. बौद्ध संघ मात्र मोठ्या विहारांत एकवटत गेला. राजाश्रय आटला, नालंदेसारखी केंद्रं १२०० च्या सुमारास उद्ध्वस्त झाली, आणि गावातल्या माणसाला धरून ठेवणारा धागा उरला नाही. सगळं कारण एवढंच नाही, पण माझ्या मते मोठा भाग हा आहे. जैन गेले नाहीत म्हणून टिकले, असं काहीसं.

एक सावधानता. नकाशावर राजांच्या राज्यांना एकेक रंग देऊ नका, ‘हा बौद्ध राजा, हा हिंदू राजा’ असा. नाणेघाटातल्या लेखात सातवाहन राणी नागनिकेच्या घराण्याने केलेले अश्वमेधासारखे यज्ञ आणि दिलेल्या गाई मोजल्या आहेत. त्याच घराण्यातली गौतमी बलश्री नाशिकला भिक्खूंसाठी लेणं दान देते. कनिष्काच्या नाण्यांवर इराणी देवता आहेत, शिवासारखा दिसणारा ओएशो आहे आणि बुद्धही आहे. रंगपेटी आवरती घ्या.

तिसरा प्रश्न: पोचल्यावर काय झालं?

चीनमध्ये पहिली हरकत घरातून आली. आईबापांनी दिलेलं शरीर जपायचं, वंश चालवायचा, पितरांना अन्न द्यायचं, आणि हे भिक्खू डोकं भादरून, लग्न न करता घर सोडतात! बौद्धांनी उत्तर शोधलं: मुलगा भिक्खू झाला तर त्याच्या पुण्याने मेलेल्या आईलाही नरकातून सोडवतो. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याच्या या कथेवर सातव्या महिन्यातला मोठा पितृसण उभा राहिला, तो जपानपर्यंत गेला. अवलोकितेश्वर हा पुरुषरूप बोधिसत्त्व तिथे हळूहळू ग्वानयिन ही करुणेची देवी झाला. ८४५ साली मात्र सम्राट वूत्सुंगने ४,६०० विहार पाडायला आणि २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना संसारात परतायला लावलं. करमाफी असलेल्या जमिनी, शेतीतून निघून गेलेले हात, मूर्तींत अडकलेलं तांबं: हिशोब पैशाचाही होता. या तडाख्यातून फारसं भांडार नसलेले ध्यान आणि नामस्मरण हे पंथ तरले, हे लक्षात ठेवा.

जपान, तिबेट, कोरिया यांच्याकडे याच प्रश्नाने बघा, मी इथे थांबत नाही. जपानबद्दल एवढंच, की तिथे शिंतोचे कामी (देव) आणि बुद्ध शतकानुशतकं एकाच आवारात राहिले. १८६८ नंतर मेइजी सरकारने त्यांना हुकमाने वेगळं केलं. आजही तिथे शिंतो आणि बौद्ध अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येहून जास्त भरते, कारण एकच माणूस दोन्हीकडे मोजला जातो. म्हणून ‘कोणत्या धर्माचे किती टक्के’ हा आलेख पूर्व आशियासाठी काढायच्या फंदात पडू नका.

संस्थापक नसलेला धर्म कसा वाचावा

हिंदू धर्माला वहीत एक पान पुरणार नाही आणि सुरुवातीची तारीखही मिळणार नाही. थर लावा. सगळ्यांत खाली ऋग्वेद, १,०२८ सूक्तं, यज्ञ आणि इंद्र-वरुण-अग्नी. याची एक निळी नोंद दूरवर आहे: इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या, मितन्नी आणि हित्ती या पश्चिम आशियातल्या राज्यांमधल्या करारात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची साक्ष काढली आहे, आणि ती जागा आजच्या सीरिया-तुर्कस्तानच्या बाजूला आहे. त्यावर उपनिषदं, त्यावर महाकाव्यं आणि पुराणं, मंदिर आणि मूर्ती, मग सहाव्या शतकापासून तमिळ आळवार-नायन्मारांची (विष्णू आणि शिवाच्या भक्तकवींची) भक्ती, जी पुढे लोकभाषांतून उत्तरेपर्यंत गेली. खालचा थर वरच्याने पुसला जात नाही. लग्नात आजही वैदिक मंत्र म्हटले जातात. नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. पंढरपूर ते पंजाब ही रेघ मी मुद्दाम जाड ओढायला लावते, कारण शीख धर्माकडे जायचा तो चांगला रस्ता आहे. गुरु नानक (१४६९ ते १५३९), १६०४ साली गुरु अर्जनदेवांनी सिद्ध केलेला आदिग्रंथ, १६९९ चा खालसा, १७०८ नंतर ग्रंथालाच गुरुपद.

समुद्रापलीकडे माझी सगळ्यांत आवडती नोंद बोर्निओतल्या कुताईची आहे. इ.स. ४०० च्या सुमाराचे दगडी यूप (यज्ञस्तंभ), लेख संस्कृतात, दान देणारा राजा मूलवर्मन. त्याच्या बापाचं नाव अश्ववर्मन. आणि आजोबाचं? कुंडुंग, अगदी स्थानिक. तीन पिढ्यांच्या नावांत बदल डोळ्यांसमोर घडतो, आणि तोही भारतातून सैन्य न जाता. अंकोरवाट बाराव्या शतकात विष्णूसाठी बांधलं गेलं, मग ते बौद्धांचं झालं; दगड तेच राहिले.

इस्लाम, आणि जे नाहीसे झाले

इस्लाम म्हटलं की लोक घोडदळ काढतात. जिथे घोडदळ गेलं तिथे काढा. पण आज सर्वांत जास्त मुसलमान ज्या देशात आहेत त्या इंडोनेशियाकडे वाऱ्यांचे बाण वापरा. मक्केत सुरू झालेलं, ६२२ च्या हिजरतीनंतर मदिनेत समाज म्हणून उभं राहिलेलं हे आवाहन अरब, गुजराती, तमिळ व्यापाऱ्यांबरोबर बंदरांत आलं. सुमात्राच्या उत्तर टोकाला समुद्र-पासाईचा सुलतान मलिक अस्-सालिह याच्या थडग्यावर १२९७ साल आहे, निळं पेन. १३४५ च्या सुमारास इब्न बतूता तिथेच उतरला. पंधराव्या शतकात मलाक्का. बंदराचा राजा मुसलमान झाला की व्यापाऱ्यांना ओळखीचा कायदा आणि काझी मिळतो, राजाला जहाजं मिळतात. श्रद्धेचं मोल यात कमी होत नाही.

एक पान नाहीशा झालेल्यांसाठी ठेवा. लोक हे वगळतात आणि मग सगळं अटळ होतं असं वाटायला लागतं. आजीविकांना, म्हणजे मक्खली गोसालाच्या पंथाला, अशोकाने बराबर टेकड्यांत लेणी दिली होती. आज त्यांचा एक अनुयायी नाही. इ.स. २१६ मध्ये जन्मलेल्या मानीने झरथुष्ट्र, बुद्ध आणि येशू यांना आपले पूर्वसूरी मानून धर्म उभारला, तो रोमी उत्तर आफ्रिकेपासून चीनपर्यंत पसरला, आठव्या शतकात उइगुर खानाने स्वीकारला, आणि तरी संपला. फुजियानमधल्या त्साओआन मंदिरात मानीची मूर्ती उरली, कारण लोक तिला बुद्ध म्हणून पूजत राहिले. सासानी साम्राज्याचा राजधर्म असलेला झरथुष्ट्री धर्म ६५१ नंतर आक्रसत गेला. त्यातले काही जण गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरले ही कथा पेन्सिलीने, उदवाड्याला १७४२ मध्ये स्थापन केलेला पारशांचा इराणशाह हा पवित्र अग्नी पेनाने.

शेवटची काही पानं मोकळी सोडा, १८०० नंतरच्या वाटांसाठी. तिथली पहिली नोंद १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. डॉ. आंबेडकरांनी मूळ ब्रह्मदेशातल्या भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतःच लाखो लोकांना २२ प्रतिज्ञांसह दीक्षा दिली. ‘कोणी नेला’ या प्रश्नाखाली राजा, व्यापारी आणि भिक्खू असे तुमचे ठरलेले पर्याय इथे पुरणार नाहीत. घेणाऱ्यांनीच तो आणला, असं काहीतरी लिहावं लागेल. या नोंदीसाठी शिलालेख वाचत बसायची गरज नाही. त्या मैदानावर गेलेल्यांची मुलं-नातवंडं सहज भेटतील. दुखणं कोणतं होतं, काय सोडलं, काय घेतलं, हे त्यांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.